सुट्टीतच शिकवावं एकटं राहायला

मे महिना आला की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. गच्चीवर वाळवणं पडतात आणि कोणाच्या तरी घरी कुत्र्याचं पिल्लू येतं. मुलांच्या परीक्षा संपलेल्या असतात, हट्ट तर वर्षभर चाललेला असतो, आणि ‘सुट्टी लागली की बघू’ असं वडिलांनी कधीतरी बोलून ठेवलेलं असतं. मग एक दिवस जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू घरात येतं. महिनाभर नुसता उत्सव! या मांडीवरून त्या मांडीवर. रात्रीसुद्धा कोणाच्या तरी उशाशी.

आणि जून उजाडतो. महिन्याच्या मध्यावर शाळा उघडतात, विदर्भात थोड्या उशिरा. मुलं दप्तरं घेऊन जातात, हे ऑफिसला जातात, आपणही आपल्या कामाला निघतो. ज्या जिवाने महिनाभर घटकाभरही एकटेपणा पाहिलेला नाही, त्याच्या तोंडावर एकदम पाच-सहा तासांसाठी दार बंद होतं. ते रडणार नाही तर काय करणार?

अशाच एका भगिनीचं पत्र समोर आहे. त्या लिहितात, ‘पिल्लू अडीच महिन्यांचं आहे. मी अकराला शाळेत जाते, ती साडेचारला येते. मुलगीही दुपारच्या शाळेत. पिल्लू इतकं रडतं की खालच्या मजल्यावरचे लोक बोलून दाखवतात. आल्यावर घरभर घाण, चपला कुरतडलेल्या. सासूबाई फोनवर म्हणतात, एवढ्याशा पगारासाठी मुक्या जिवाचे हाल कशाला, सोड ती नोकरी. हे म्हणतात, देऊन टाकू कोणाला तरी. ते ऐकून मुलीने जेवण टाकलं. मी काय करू?’

नोकरी सोडू नका आणि पिल्लूही घाईने देऊ नका, असं मी त्यांना कळवलं आहे. पण नुसतं एवढं सांगून भागत नाही. पिल्लू एकटं राहू शकतं, मात्र त्याला ते शिकवावं लागतं. आणि जोवर ते शिकत नाही तोवर त्याच्या तासांची सोय आपल्याला करावी लागते. पुष्कळ मैत्रिणींना उपयोगी पडेल म्हणून सगळंच इथे सविस्तर देते.

तासांचं गणित आधी

पिल्लाच्या वयाचे जितके महिने, साधारण तितके तास ते दिवसा लघवी धरू शकतं, फार तर एखादा तास जास्त. म्हणजे दोन-अडीच महिन्यांच्या पिल्लाला दोन ते तीन तास ही हद्द झाली. चार महिन्यांचं झालं की चार तास. रात्री झोपेत ते याहून अधिक वेळ धरतं, त्यावरून दिवसाचा हिशेब करू नये. मोठ्या कुत्र्यालासुद्धा रोज सलग चार तासांपेक्षा जास्त एकटं ठेवू नये, असं ब्रिटनमधल्या प्राणिसंस्था सांगतात. आपल्याकडे तेवढं काटेकोर जमत नाही, पण आकडा मनात असलेला बरा.

जेवणाचाही हिशेब आहे. तीन महिन्यांपर्यंत पिल्लाला दिवसातून चार वेळा थोडं थोडं खायला लागतं, तीन ते सहा महिन्यांत तीन वेळा, पुढे दोन वेळा पुरतं. पॉमेरियनसारख्या लहान चणीच्या जातींची पिल्लं फार वेळ उपाशी राहिली तर रक्तातली साखर उतरून गळून जातात. तेव्हा दुपारचं खाणं चुकवून चालत नाही.

आता एक कागद घ्या. सकाळी सातपासून रात्री दहापर्यंतचे तास लिहा आणि प्रत्येक तासापुढे घरात कोण आहे ते लिहा. ज्या तासांपुढे कोणाचंच नाव नाही, तीच आपली अडचण. वरच्या भगिनींच्या कागदावर अकरा ते साडेचार असे साडेपाच तास रिकामे आहेत. अडीच महिन्यांच्या पिल्लासाठी त्यात दोन फेऱ्या हव्यात, एक साधारण एक वाजता आणि दुसरी तीनच्या सुमारास. चार महिन्यांनंतर मधली एकच फेरी पुरेल. सात-आठ महिन्यांचं झालं आणि एकटं राहायला नीट शिकलेलं असलं, की एखाद्या दिवशी फेरी चुकली तरी निभावतं. म्हणजे हा सगळा खटाटोप जन्मभराचा नाही, पाच-सहा महिन्यांचा आहे. नोकरी सोडण्याचा निर्णय मात्र पाच-सहा महिन्यांचा नसतो, सुटलेली जागा पुन्हा मिळेलच असं नाही.

एकटं राहणं हाही एक धडा

पिल्लू आईजवळ, भावंडांच्या ऊबेत वाढलेलं असतं. त्याच्या लेखी एकटं पडणं म्हणजे हरवणं. आपण परत येणार आहोत हे त्याला सांगून कळत नाही, अनुभवानेच कळतं. म्हणून तो अनुभव अगदी थोडा थोडा द्यायचा, आणि आपण घरी असतानाच द्यायचा. मे महिन्याचा खरा उपयोग यासाठी.

पहिले तीन-चार दिवस पिल्लाला त्याची जागा ओळखीची होऊ द्या. तिथेच खाणं, तिथेच अंथरूण, तिथेच खेळणं. मग ते पेंगुळलेलं असताना किंवा काही चघळत असताना मध्ये आडोसा लावून आपण स्वयंपाकघरात जायचं. एक मिनिटाने परत. न बोलता, न कुरवाळता. मग दोन मिनिटं, मग पाच. दिवसातून पाच-सहा वेळा हे सहज करता येतं, पोळ्या करता करता होतं.

नंतर खरोखर बाहेर जाण्याची पाळी. इथे एक गंमत लक्षात ठेवा. रशियन शास्त्रज्ञ पाव्हलॉव्ह यांच्या प्रयोगांतल्या कुत्र्यांना अन्न येण्याची खूण कळली की तोंडाला पाणी सुटायचं. आपल्या पिल्लालाही खुणा अशाच कळतात. किल्ल्यांचा आवाज, पर्स उचलणं, साडीची पिन लावणं, चपला काढणं, एवढ्यावर ते ओळखतं की आता ही चालली. आणि बाई जिन्यात पोचायच्या आत रडणं सुरू. म्हणून दिवसातून दोन-चार वेळा किल्ल्या उचलायच्या आणि परत ठेवून भाजी निवडायला बसायचं. चपला घालून नुसतं घरात फिरायचं. खुणेतली धास्ती हळूहळू जाते.

मग दाराबाहेर एक मिनिट, तीन मिनिटं, पाच मिनिटं. दर वेळी वाढवतच नेऊ नका, मध्ये एखादी फेरी अगदी छोटी ठेवा. अर्धा तास शांतपणे राहिलं की मोठा टप्पा पार पडला असं समजा, पुढचे तास त्यामानाने लवकर जमतात. यासाठी दोन-तीन आठवडे सहज लागतात. घाई केली तर मागे यावं लागतं.

निघताना ‘सोन्या, मी येते हं, रडू नकोस’ हा निरोपसमारंभ नको. आल्यावरही पहिली दोन-चार मिनिटं आपलं पाणी पिणं, हातपाय धुणं उरकून मग त्याला जवळ घ्यावं. जाण्या-येण्याचा गाजावाजा जितका कमी, तितकी त्याला त्याची किंमत कमी.

रडण्यातला फरक मात्र ओळखायला हवा. दोन-चार मिनिटं कुरकुर करून झोपून जाणारं पिल्लू शिकतंय. पण लाळ गळते आहे, दार ओरबाडलं आहे, आवडीचं खाणंही शिवलेलं नाही, असं असेल तर ते घाबरलेलं आहे. ‘रडून रडून गप्प बसेल’ हा उपाय इथे चालत नाही, भीती वाढतच जाते. अशा वेळी वेळ कमी करा, पुन्हा पाच मिनिटांवर या. आपल्या पाठीमागे काय होतं ते पाहायला जुना मोबाइल कपाटावर चित्रण लावून ठेवावा. शेजारच्यांच्या सांगण्यात आणि खऱ्या रडण्यात कधी कधी बरंच अंतर निघतं.

ज्यांची सुट्टी संपली आहे त्यांनी हाच अभ्यास संध्याकाळी आणि रविवारी करावा, आणि तोवरचे दोन-तीन आठवडे पिल्लाला दुपारी कोणाच्या तरी सोबतीला ठेवावं.

जागा कशी असावी

सगळं घर मोकळं सोडू नये आणि साखळीने बांधूनही जाऊ नये. साखळीत पाय, मान अडकते. एखादी छोटी खोली, किंवा खोलीचा कोपरा जाळीने अडवून द्यावा. एका बाजूला गोणपाटाचं किंवा जुन्या चादरीचं अंथरूण, दुसऱ्या बाजूला रद्दी वर्तमानपत्रांचा जाड थर. झोपायची जागा आणि लघवीची जागा यांत अंतर असलं की पिल्लू आपणहून रद्दीकडे जातं. पाण्याचं भांडं जड, बुडाला रुंद, म्हणजे ते उलटत नाही.

गॅलरीत ठेवून जाण्याची पुष्कळांना सवय आहे. अकरा वाजता जिथे सावली असते तिथे दोन वाजता ऊन येतं, हे निघताना लक्षात येत नाही. कुत्रं माणसासारखं अंगभर घामाने निवत नाही, मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतं. उन्हाळ्यात बंद गॅलरीत पिल्लू दगावू शकतं. आत, फरशीवर, हवा खेळती राहील अशा जागी ठेवावं. वीज जाते त्या गावांत नुसत्या पंख्यावर भरवसा ठेवू नये, खिडकी उघडी हवी.

निघण्यापूर्वी एकदा जमिनीवर बसून पिल्लाच्या उंचीवरून खोली पाहावी. विजेच्या वायरी, शिवणाच्या डब्यातली सुई-दोरा, मोजे, उंदराचं औषध, डांबरगोळ्या, आपल्या गोळ्यांची पाकिटं, सगळं उचलावं. मनुका, बेदाणे, द्राक्षं, चॉकलेट, कांदा-लसूण हे कुत्र्याला विषारी. मनीप्लँटची पानं चघळली तर तोंडाची आग होते. आणि शिजवलेली हाडं कधीच देऊ नयेत, त्यांची कुसळं होऊन आतडी फाटतात.

घाण आणि चपला

‘मुद्दाम सूड उगवतो मेला, मी गेले की पलंगावरच करतो,’ असं पुष्कळजणी म्हणतात. सूड वगैरे काही नसतो. धरवलं नाही म्हणून होतं, किंवा भीतीने होतं. तास-दोन तासांनी आपण येऊन रागावतो तेव्हा कशाबद्दल ते त्याला कळतच नाही. ‘पण चेहरा कसा अपराधी करतो!’ असंही आपण म्हणतो. २००९ साली अलेक्झांड्रा होरोविट्झ या अमेरिकन अभ्यासक बाईंनी नेमकं हेच तपासून पाहिलं. कुत्र्याने खरोखर आगळीक केली होती की नाही याच्याशी त्या चेहऱ्याचा संबंध नव्हता, मालकीण किंवा मालक रागावले की तो चेहरा दिसायचा. म्हणजे ते आपल्या रागाला भिऊन असतं.

म्हणून घाणीत नाक घासणं, मारणं हे प्रकार पूर्ण बंद. उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच ठरलेल्या जागी न्यावं आणि तिथे केलं की तिथल्या तिथे शाबासकी. चुकीच्या जागी झालं तर साबणाच्या पाण्याने पुसून मग व्हिनेगर घातलेल्या पाण्याने पुसावं. वास राहिला की पिल्लू पुन्हा तिथेच जातं. फिनाईल वापरलंच तर फरशी पूर्ण वाळेपर्यंत पिल्लाला तिकडे येऊ देऊ नये, ते पाय चाटतं.

चपलांचं म्हणाल तर तो दातांचा दोष. पिल्लाचे २८ दुधाचे दात साडेतीन-चार महिन्यांपासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत ४२ पक्के दात येतात. तोवर हिरड्या शिवशिवतात. चपला उंचावर ठेवा आणि निघताना त्याला चघळायला काहीतरी द्या. जुना नॅपकिन ओला करून, पीळ देऊन बर्फाच्या कप्प्यात ठेवला तर छान कडक होतो. मात्र त्याचे तुकडे तोडून गिळत नाही ना, हे आधी आपल्यासमोर पाहून घ्यावं. पोकळ रबरी खेळण्यात दहीभात भरून दिला की वीस-पंचवीस मिनिटं त्यातच जातात, आणि मग झोप लागते. लहान पिल्लू दिवसातले अठरा तास तरी झोपतं. निघण्यापूर्वी खेळवून दमवलं तर आपली निम्मी दुपार झोपेतच निघते.

मधली फेरी कोणी मारायची

हा खरा प्रश्न. पिल्लू आणायचं ते सगळ्यांनी मिळून ठरवलेलं असतं, पण दुपारी एक वाजताच्या लघवीचं काय, हा विचार घरातल्या बाईच्याच वाट्याला येतो. तो कागदावर आणा. हे दुपारी जेवायला घरी येऊ शकतात का? आठवड्यातून दोन दिवस जरी आले तरी दोन फेऱ्या सुटल्या. मुलांपैकी कोणाची सकाळची शाळा आहे का? साडेबाराला आलेलं मूल पिल्लाला खायला घालू शकतं. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला हे काम झेपतं, आणि हट्ट त्याचाच होता.

शेजारच्या काकूंना विचारायला संकोच करू नये. पुष्कळ वडीलधाऱ्यांना दुपारचा तास खायला उठतो. पण रोजचं गृहीत धरू नये. त्यांच्या उपयोगी आपणही पडावं, औषधं आणून द्यावीत, बँकेचं काम करावं. घरकामाच्या मावशींना सांगणार असाल तर त्याचे पैसे वेगळे ठरवून द्या. भांडी-फरशीच्या पगारात ‘जरा पिल्लालाही बघा’ हे बसत नाही. जे कोणी येणार त्यांची पिल्लाशी ओळख आधीच करून द्यावी. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या अमेरिकन शास्त्रज्ञांनी कुत्र्यांच्या वाढीचा दीर्घ अभ्यास करून १९६५ साली ग्रंथ लिहिला. त्यांच्या मते तीन ते बारा आठवड्यांचं वय हे माणसांशी आणि जगाशी ओळख होण्याचं खास वय. या दिवसांत दहा माणसं प्रेमाने भेटली तर पुढे अनोळखीची धास्ती कमी राहते.

फेरीला येणाऱ्यांनी चपला दाराबाहेर काढाव्यात. पिल्लाला पहिली लस सहा ते आठ आठवड्यांची असताना, पुढचे डोस तीन-चार आठवड्यांच्या अंतराने सोळा आठवड्यांपर्यंत, आणि रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर देतात. हे पूर्ण होईपर्यंत रस्त्यावर फिरवू नये. पार्व्होचे विषाणू जमिनीवर कित्येक महिने टिकतात आणि चपलांबरोबर घरात येतात. पिल्लू उलट्या करतंय, जुलाबात रक्त आहे, मलूल पडलंय असं दिसलं तर शाळा सुटायची वाट पाहू नये, त्याच तासाला डॉक्टरकडे न्यावं. म्हणून डॉक्टरांचा नंबर फेरीला येणाऱ्यांच्या हाताशी, भिंतीवर लिहिलेला हवा. आणि खेळता खेळता कोणाला दात लागला तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जावं.

देऊन टाकण्याआधी

एवढं करूनही गणित जमत नाही, अशीही घरं असतात. सकाळी आठला कुलूप लागतं ते संध्याकाळी सातला उघडतं, शेजार नाही, मदतीला कोणी नाही. अशा घराने पिल्लू आणूच नये. त्यात कमीपणा काही नाही. दोन-तीन वर्षांचं, शिकलेलं, शांत कुत्रं दत्तक घेता येतं, किंवा मुलं मोठी होईपर्यंत थांबता येतं. आणायचंच तर आठ आठवड्यांआधी आणू नये. कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांविषयी २०१७ साली केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार त्याआधी पिल्लू विकायलाच बंदी आहे.

आणलेलं द्यावंच लागलं तर ते घर पाहून, माणसं पाहून द्यावं. रात्री नेऊन दुसऱ्या पेठेत सोडणं हा उपाय नव्हे. घरात वाढलेलं पिल्लू रस्त्यावर टिकत नाही, तिथल्या कुत्र्यांची हद्द ठरलेली असते. शिवाय तो गुन्हाही आहे. आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० साली झाला. त्यासाठी राज्यसभेत आग्रह धरला तो प्रसिद्ध नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी, आणि १९६२ साली स्थापन झालेल्या प्राणी कल्याण मंडळाच्या त्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. या कायद्यात पाळलेला प्राणी सोडून देणं आणि आखूड साखळीला तासन्‌तास बांधून ठेवणं, दोन्ही गुन्हे आहेत.

वरच्या पत्रातल्या घरात आता असं ठरलं आहे: वडील आठवड्यातून तीन दिवस दुपारी जेवायला घरी येणार, बाकीचे दिवस एकची फेरी खालच्या मजल्यावरच्या आजी मारणार, आणि तीनची फेरी रोज मावशी मारतील, त्याचे वेगळे पैसे. तक्रार आजींचीच होती हे विशेष. सासूबाईंना हा कागद वाचून दाखवावा, असं मी सुचवलं आहे. मुक्या जिवाची काळजी त्यांनाही आहेच, फक्त तिची किंमत सुनेच्या नोकरीतून द्यायला नको.

दिवाळीत पिल्लू आणायचा बेत असेल तर फटाके थांबल्यावरच आणा, आणि आणल्याच्या पहिल्या आठवड्यापासून एक मिनिटाचा अभ्यास सुरू करा. पत्र पाठवताना पिल्लाचं वय आणि घरात कोण कधी असतं ते जरूर लिहा, म्हणजे उत्तर नेमकं देता येतं.